कापगत्यांचा बदक-प्लॅन

भर ऑगस्टातल्या एका रविवारी दुपारी मी कापगत्यांच्या बंद गॅरेजमध्ये पालथ्या बादलीवर बसलो होतो. अंगात बर्फात घालायचं जाकीट, डोक्यावर कानटोपी, तोंडाला चिखलाच्या रंगाचं मलम. बाहेर अमेरिकेतल्या रेडमंडच्या उन्हाळ्यातलं छान ऊन पडलं होतं, शेजारीपाजारी हिरवळीवर आडवे झाले होते आणि मी आत घामाने निथळत होतो. समोर मोटारीच्या जागी प्लास्टिकची बावीस बदकं मांडलेली. शेजारच्या बादलीवर कापगते, तोंडात बदकाचा आवाज काढायची लाकडी पिपाणी धरून, छताकडे डोळे लावून बसलेले.

"हलू नको बे," ते पिपाणी काढून कुजबुजले. "बदक वरतून पाहून राहिलं."

वर ट्यूबलाइट होती.

"मला पाणी पाहिजे," मी म्हणालो.

"प्लॅनमधी आहे का?"

"तहान लागलीय, कापगतेसाहेब."

"पाणी पाच चाळीसले आहे. आता पाच वीस झाले."

तालमीच्या घड्याळात पहाटेचे पाच वीस झाले होते. बाहेरच्या जगात दुपारचे अडीच वाजले होते आणि माझ्या घरी लोक आमरस खाऊन झोपले होते. मी वीस मिनिटं तसाच बसलो. का बसलो, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

याला ते रंगीत तालीम म्हणतात. बदकांच्या आणि हंसांच्या शिकारीचा हंगाम आमच्याकडे ऑक्टोबरच्या मध्यावर उघडतो. कापगत्यांची सहल एका दिवसाची असते. पहाटे घर सोडायचं, स्नोक्वाल्मीचा घाट ओलांडून तीन तासांवरच्या मोझेस लेककडे जायचं, तिथल्या सरकारी जमिनीवरच्या एखाद्या तळ्याकाठी गवतात दबा धरून बसायचं आणि संध्याकाळी परत यायचं. या एका दिवसाची तयारी जूनमध्ये सुरू होते. दर पंधरवड्याला मिटिंग. मिटिंगला विषयपत्रिका, मिटिंगनंतर इतिवृत्त. इतिवृत्तात 'उपस्थित' म्हणून तीन नावं: श्री. कापगते, श्री. पराग, सरपंच.

पराग म्हणजे मी. सरपंच म्हणजे कुत्रा.

कापगते मूळचे भंडाऱ्याकडचे, तलावांच्या मुलखातले. आम्ही दोघं एकाच कंपनीत. ते प्रोजेक्ट मॅनेजर, मी टेस्टर, म्हणजे त्यांनी आखायचं आणि मी चुका काढायच्या. हे नातं ऑफिसपुरतं ठेवलं असतं तर मी आज सुखी असतो. पण झालं असं, की माझे आईवडील पहिल्यांदा अमेरिकेत येणार होते त्या आठवड्यात मला ताप भरला. कापगते म्हणाले, "तू झोप. मी आणतो त्यायले." आणले. आणण्याआधी त्यांनी एक तक्ता केला होता. विमान उशिरा आलं तर काय, आईची बॅग आली नाही तर काय, वडिलांना भूक लागली तर कुठला डबा, वडील रागावले तर कुठला विषय काढायचा. वडील खरंच रागावले होते. कापगत्यांनी तक्त्याप्रमाणे उसाच्या भावाचा विषय काढला आणि विमानतळ ते घर वडील आनंदाने बोलत आले. अशा माणसाने पुढच्या जूनमध्ये फोन करून "बदकाले येतो का?" विचारल्यावर नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

माझ्याकडे बंदुकीचं लायसन्स नाही. मला बंदूक नकोच आहे. माझं काम प्लॅनमध्ये 'निरीक्षण व वाहतूक' असं लिहिलेलं आहे. म्हणजे खऱ्या बदकांना भुलवायला पाण्यात सोडायची ती बावीस प्लास्टिकची बदकं पाठीवर घेऊन चिखलातून चालायचं आणि मग कापगते काय करतात ते बघायचं.

तारीख ठरवायची मिटिंग सगळ्यात लांबते. त्या भागात हंस मारायला सरकारने ठराविक वारच दिलेत. बुधवार, शनिवार, रविवार. कापगतेवहिनींच्या घरात शनिवारी मांस शिजत नाही. बुधवारी ऑफिस. राहिला रविवार. त्यातून चतुर्थ्या, एकादश्या, दिवाळीचे दिवस आणि ज्या रविवारी महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम असतो ते सगळे वजा करायचे. कापगते भिंतीवर अमेरिकन सरकारचा तक्ता आणि मराठी कॅलेंडर शेजारी-शेजारी लावून दोन रंगांच्या पेनांनी खुणा करत बसतात. इतकं करून एखादा रविवार मोकळा सापडला, की स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज येतो.

"हंस आणायचा नाही, आधीच सांगून ठेवते. सरस्वतीचं वाहन माझ्या कढईत येणार नाही."

"हा कॅनडाचा आहे," कापगते ओरडतात. "याचा नि सरस्वतीचा काही संबंध नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

यावर कापगते हंसाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाकतात. ते प्रश्नचिन्ह पाच वर्षं तिथेच आहे.

पाच वर्षांत आम्ही खरोखर शिकारीला किती वेळा गेलो असू? गेल्या वर्षापर्यंत, एकदा. आणि ती एकमेव सहल माझ्यामुळे बुडाली, असं अधिकृत कागदपत्रं सांगतात.

त्याचं असं झालं. पहिल्या वर्षी आम्ही प्लॅनप्रमाणे गवतात बसलो होतो. थंडीने माझी बोटं गेली होती. सरपंच तेव्हा धडधाकट होते, पाण्याकडे बघत पुतळ्यासारखे बसले होते. कापगते पिपाणी वाजवत होते आणि खरं सांगतो, अप्रतिम वाजवत होते. तळ्याच्या पलीकडून पंधरा-वीस बदकांचा थवा वळला, एक चक्कर मारली, खाली आला, पाय पुढे काढले. त्याच क्षणी मला भूक लागली. अनघाने, माझ्या बायकोने, तिखटामिठाच्या पुऱ्या दिल्या होत्या. मी डबा उघडला. डबा स्टीलचा. सूर्य नुकताच टेकडीवर आलेला. झाकणावरून जी तिरीप निघाली ती थेट थव्यात. बदकांनी हवेतल्या हवेत अशी कलटी मारली, की त्यांच्या पंखांचा वारा मला लागला. मग घाबरून माझ्या हातून झाकण दगडावर पडलं. त्या आवाजाने तळ्यावरचं उरलेलं सगळं पाखरू उठलं आणि मला वाटतं पार शेजारच्या आयडाहो राज्यात जाऊन बसलं.

आम्ही सामान आवरलं. गाडीत दोन तास शांतता. घाट उतरताना त्यांनी विचारलं, "स्टील होतं?"

"हो."

"हं," ते म्हणाले.

त्यानंतरच्या आठवड्यात मला 'डब्याची घटना: मूळ कारणांचा शोध' असा अकरा पानांचा मजकूर ईमेलने आला. तेव्हापासून प्रत्येक मिटिंगचा पहिला विषय डबा. साहित्याच्या यादीत लाल अक्षरांत, 'स्टील: बंदी'. माझा वाढदिवस सप्टेंबरात असतो. पुढच्या वर्षीपासून कापगते मला दर वाढदिवसाला खाकी रंगाचा प्लास्टिकचा डबा भेट देतात. माझ्याकडे आता असे चार आहेत.

दुसऱ्या वर्षी आदल्या दिवशी त्यांनी सहल कॅन्सल केली. कारण, तळ्याला पाणी जास्त आहे. मी म्हणालो, "अहो, आपण काठावर बसणार ना?" ते म्हणाले, "पाणी जास्त आहे." तिसऱ्या वर्षी पुन्हा पाणी जास्त. चौथ्या वर्षी तर कहर. पहाटे दोन वाजता मी त्यांच्या दारात उभा. सामान गाडीत भरलेलं, बावीस बदकं मागे रचलेली. सरपंचांना गाडीत चढवताना त्यांचा मागचा पाय फळीवरून घसरला, ते जरासे केकाटले. कापगते खाली बसले, त्यांचा पाय हातात धरून दोन मिनिटं चोळत राहिले, मग उभे राहून आकाशाकडे बघत म्हणाले, "वारा बदलला. आज नाही जमत."

पान हलत नव्हतं. मी घरी येऊन बूट भिरकावले आणि अनघाला सांगितलं, की हा माणूस वेडा आहे आणि मी त्याच्याहून वेडा आहे. ती म्हणाली, हे तिला आधीपासून माहीत होतं, आता झोपू दे.

सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे ती काठी. गॅरेजच्या कोपऱ्यात एक जुना झाडूचा दांडा आहे. त्यावर कापगत्यांनी इंचांच्या खुणा केल्या आहेत आणि एका ठिकाणी लाल रेघ मारली आहे. दर सप्टेंबरात ते ती काठी घेऊन एकटेच मोझेस लेककडे जातात, दिवसभर तळी हिंडतात आणि परत येऊन तक्त्यात आकडे भरतात. कुठल्या तळ्याच्या कुठल्या काठाला, दहा पावलांवर पाणी किती, वीस पावलांवर किती, खाली रेती की गाळ. मिटिंगमध्ये हे सगळं वाचून दाखवतात. मी विचारलं, "बदकं तरंगतात ना? मग पाणी दोन इंच असलं काय आणि वीस फूट असलं काय?"

"तुले समजणार नाही."

"ही लाल रेघ कशाची?"

"धोक्याची," ते म्हणाले आणि काठी माझ्या हातातून काढून घेतली.

आता सरपंचांबद्दल सांगायला हवं. ते काळे लॅब्रडॉर. कापगत्यांची मुलगी ऋचा शाळेत असताना तिच्या हट्टासाठी आणलेले. ऋचा कॉलेजसाठी बॉस्टनला गेली, तिकडेच नोकरीला लागली. कुत्रा इथेच राहिला. नाव कापगत्यांनी ठेवलं. आपल्याला, म्हणजे मला, ते 'अबे' म्हणतात. कुत्र्याला 'या, बसा, जेवलात का' म्हणतात. शिकारीचं सगळं शिक्षण त्यांनीच दिलं. एक लांब शिट्टी म्हणजे जा, दोन छोट्या म्हणजे डावीकडे, असं बरंच काही. पडलेलं बदक हलक्या तोंडाने उचलून आणायचं, एक पीससुद्धा न विस्कटता हातात द्यायचं. जुन्या फोटोंत सरपंच असं हातात देताना दिसतात. फोटोत कापगते हसत असतात. एरवी ते हसल्याचा पुरावा नाही.

पण त्या ऑगस्टच्या तालमीत सरपंच जुन्या सतरंजीवर झोपून होते. तोंडाभोवती सगळं पांढरं झालेलं. कापगत्यांनी लांब शिट्टी मारली. सरपंच ढिम्म. पुन्हा मारली. काही नाही.

"यांना ऐकू येत नाही बहुतेक," मी म्हणालो.

"येते. ते विचार करून राहिले."

तेवढ्यात वहिनींनी आतून चहासाठी बोलावताना स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवला. सरपंच ताडकन उठले आणि लंगडत दाराकडे निघाले.

"बघ," कापगते म्हणाले. "म्हटलं ना मी?"

मी मनात म्हटलं, कुत्रा धूर्त आहे, कामाचं ऐकू येत नाही, खाण्याचं बरोबर येतं. आमच्या ऑफिसात असे बरेच आहेत.

त्या तालमीनंतर माझा निश्चय झाला. यंदा राजीनामा द्यायचा. पाच वर्षं पुरे झाली. मी रीतसर ईमेल लिहिला, 'निरीक्षण व वाहतूक या पदावरून मला मुक्त करावं', आणि पाठवण्याआधी तोंडी सांगावं म्हणून एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. कापगते नव्हते. काठी घेऊन मोझेस लेकला गेले होते. वहिनी सांबारवड्या तळत होत्या. सांबार म्हणजे त्यांच्याकडे कोथिंबीर. त्यांनी चार वड्या माझ्यापुढे ठेवल्या आणि मी दोन खाल्ल्यावर राजीनाम्याचं बोललो.

वहिनींनी गॅस बंद केला.

"या वर्षी नको सोडू, पराग," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा हिवाळा निघाला तर निघाला."

मला वाटलं कापगत्यांनाच काही झालंय. वहिनींनी कोपऱ्यात सतरंजीवर झोपलेल्या सरपंचांकडे बोट दाखवलं.

"कंबर गेली आहे त्याची. कानही गेलेत. हे मानत नाहीत. सकाळी उचलून अंगणात नेतात, कोणी पाहत नाही ना ते बघून. ऋचा फोनवर सांगते, 'बाबा, जस्ट टेक हिम, ही लव्हज इट.' हे म्हणतात, प्लॅन होऊ दे. न्यायचंही आहे आणि न्यायची भीतीही वाटते. तिकडे थंड पाण्यात काही झालं म्हणजे? म्हणून मग पाणी जास्त आहे, वारा बदलला. माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत. रात्रंदिवस तक्ते करतात."

मी उरलेल्या दोन वड्या खाल्ल्या. चव काही लागली नाही. चौथ्या वर्षीच्या पहाटे गाडीजवळ मी जे मनातल्या मनात त्यांना बोललो होतो ते आठवून मला स्वतःची लाज वाटली. घरी जाऊन ईमेल पुसून टाकला.

पण म्हणून माणूस सुसह्य झाला असं कोणी समजू नये. ऑक्टोबरात आणखी तीन मिटिंगा झाल्या. एका मिटिंगमध्ये माझ्या चष्म्याच्या काड्यांवर चर्चा झाली, त्या चकाकतात म्हणून त्यांना काळी चिकटपट्टी लावण्यात आली. मी ती लावून ऑफिसात गेलो. फराळात काय न्यायचं यावर पाऊण तास गेला. चिवडा बाद, कारण कुरकुरतो. चकली बाद, त्याच कारणाने. लाडू चालेल, पण तो घरूनच अर्धा फोडून आणायचा. शेवटी दिवाळीनंतरचा एक रविवार ठरला. आदल्या रात्री मी फोनची वाट बघत बसलो. पाणी, वारा, काहीतरी निघेलच. फोन आला नाही.

निघताना अनघाने माझ्या हातात पिशवी दिली. आत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी जड होतं.

"प्लास्टिकमध्ये पुऱ्यांना वास लागतो," ती म्हणाली. "टॉवेलमधून काढू नको म्हणजे झालं."

सरपंचांना चढवायला या वेळी फळी नव्हती. कापगत्यांनी त्यांना दोन्ही हातांनी उचललं, पोत्यासारखं नाही, लहान मुलासारखं. तीस-बत्तीस किलोचा कुत्रा. मी दार धरून उभा राहिलो आणि दुसरीकडे बघितलं. घाटात बर्फ भुरभुरत होतं. तीन तासांत कापगते एकच वाक्य बोलले, "हीटर त्यायच्याकडे वळव."

तळं लहानसं होतं. उजाडायच्या आत मी माझी वाहतूक केली. बावीस बदकं पाण्यात सोडली, एक सुटून वाहत गेलं, त्याची नोंद झाली असणार. आम्ही लव्हाळ्यांत बादल्यांवर बसलो. सरपंच कापगत्यांच्या घोंगडीवर, मध्ये. ते थरथरत होते. मला वाटलं थंडीने. मग लक्षात आलं, ते पाण्याकडे बघत होते आणि त्यांचं शेपूट हळूहळू चिखलावर आपटत होतं.

सूर्य टेकडीवर आला. कापगत्यांनी पिपाणी तोंडाला लावली. तीच अप्रतिम पिपाणी. थोड्या वेळाने चार बदकं आली, हिरव्या डोक्याची. एक चक्कर, दुसरी चक्कर. मी श्वास धरला. माझ्या चष्म्याला पट्टी होती, डबा टॉवेलात होता, लाडू अर्धा होता. कापगते उठले, एक बार झाला, एक बदक पडलं.

पडलं ते नेमकं दूर, तळ्याच्या मध्याकडे, खोल पाण्यात.

सरपंच उठून उभे राहिले. त्यांनी ते पडताना पाहिलं होतं. मागचे पाय कापत होते, पण मान ताठ होती आणि सगळं अंग पाण्याकडे ओढ घेत होतं. कापगत्यांनी त्यांचा पट्टा घट्ट धरला. मग बंदूक रिकामी करून बाजूला ठेवली आणि पट्टा माझ्या हातात दिला.

"धर. सोडू नको."

"तुम्ही कुठे चाललात?"

छातीपर्यंतच्या रबरी पँटमध्ये ते पाण्यात शिरले. लव्हाळ्यांच्या आडून, लांबून वळसा घालून, सरपंचांना दिसणार नाहीत असे. मी 'हे प्लॅनमध्ये आहे का' असं ओरडणार होतो, पण ओरडलो नाही. पाणी त्यांच्या कमरेला लागलं, मग छातीला. सत्तावन्न वर्षांचा, गुडघे दुखणारा माणूस. त्यांनी बदक गाठलं, पाण्याखालून ओढत काठाकडे आणलं, आणि काठापासून दहा पावलांवर उथळ पाण्यात सोडून दिलं. मग स्वतः बाजूच्या लव्हाळ्यांत वाकून लपले.

माझ्या पायाशी ती काठी पडली होती. सरपंच माझ्याशेजारी उभे होते. मी ती सहज उचलून त्यांच्याशेजारी उभी धरली आणि बघत राहिलो. लाल रेघ बरोबर त्यांच्या छातीच्या खाली येत होती. एवढी वर्षं हा माणूस तळी हिंडत होता ते अशी जागा शोधायला, जिथे दहा पावलांवर पाणी या रेघेच्या वर जाणार नाही आणि खाली गाळ नसेल.

लव्हाळ्यांतून लांब शिट्टी आली. मी पट्टा सोडला.

सरपंच हलले नाहीत. ते अजून दूर, तळ्याच्या मध्याकडे बघत होते, जिथे बदक पडलं होतं आणि आता नव्हतं. पुन्हा शिट्टी. सरपंचांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे धुरकट होते. तिसरी शिट्टी, लांब, फाटलेली.

"सरपंच!" कापगते ओरडले. "सरपंच, इकडं!"

काही नाही. सगळा प्लॅन होता, इंच अन् पावलं मोजलेला, आणि त्यात हे एक धरलेलं नव्हतं.

"पराग! डबा काढ!"

"कुठला डबा?" मी म्हणालो. भीतीने माणूस खोटं बोलतो.

"अबे, स्टीलचा! तू आणतोच, मले माहीत नाही का! झाकण फेक!"

मी टॉवेल सोडवला, झाकण काढलं आणि फेकलं. ते त्यांच्यापासून हातभर लांब पडलं. त्यांनी पाण्यातून उचललं, ताठ उभे राहिले, आणि चार वर्षं ज्याच्यावर लाल अक्षरांत बंदी होती ते झाकण डोक्यावर धरून शिट्टीने बडवायला लागले. टण, टण, टण. उन्हात झाकण लखलखत होतं. तळ्यावरची सगळी बदकं उठली, पलीकडच्या शेतातले हंस उठले, आकाश भरून गेलं. वर शेकडो पाखरं ओरडत होती आणि खाली कापगते, गुडघाभर पाण्यात, जेवायला बोलावल्यासारखे झाकण वाजवत होते.

सरपंचांचे कान उभे राहिले. मान वळली. ते पाण्यात उतरले. हळू, एकेक पाय टाकत. पाणी लाल रेघेपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. बदकाजवळ पोचल्यावर त्यांनी वास घेतला, तोंड उघडलं आणि बदक उचललं. परतताना एकदा मागचा भाग बसला, मी पुढे धावलो, तर कापगते ओरडले, "हात लावू नको! ते आणतात!" सरपंच उठले. आणलं. कापगते तोवर काठावर येऊन गुडघ्यांवर बसले होते, त्यांच्या हातात दिलं. एक पीससुद्धा विस्कटलेलं नव्हतं.

कापगत्यांनी बदक घेतलं, आणि मग बराच वेळ त्यांनी दुसरा हात सरपंचांच्या मानेवरून काढला नाही. पाणी पँटमध्ये शिरलं होतं, ओठ निळे झाले होते. आपलं जाकीट काढून ते सरपंचांना पुसत होते.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "कापगतेसाहेब, प्लॅनमध्ये दुपारपर्यंत थांबायचं आहे. अजून सहा बदकांची परवानगी आहे."

"झालं," ते म्हणाले. "प्लॅन एवढाच होता."

गाडीत हीटर मागे वळवलेला होता. घाट चढताना त्यांनी विचारलं, "पुऱ्या आहेत का?" मी डबा पुढे केला. पहिली पुरी मागच्या सीटवर गेली.

सोमवारी इतिवृत्त आलं. मी चहा बाजूला ठेवून ते उघडलं, कारण सुटून वाहून गेलेल्या प्लास्टिकच्या बदकाबद्दल मला बोलणी खायची होती, आणि ती होती, दीड परिच्छेद. त्याखाली शिकारीचा रकाना. 'बदक: एक. आणणारे: सरपंच.' त्याखाली पुढच्या हंगामाची साहित्याची यादी, कारण कापगत्यांनी पुढच्या हंगामाची यादी केली होती. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'सरपंच'. दुसऱ्या ओळीत, नेहमीच्या लाल अक्षरांत, 'स्टीलचा डबा, झाकणासह. परागने विसरू नये.'